उत्तर मागणारी ओळ

"गेलं!" मोनालीनं एंटरवरचं बोट उचललं आणि टाळी वाजवली. "साहेब, बघितलंत? गेलंसुद्धा!"

जंगमसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. हे आमच्या दूध संघाचे मॅनेजर. या माणसाला खुर्चीतून उठताना मी दोनच प्रसंगी बघितलं होतं. चेअरमन आत आले की, आणि जेवणाची सुट्टी झाली की.

"इतक्यात?"

"इतक्यात. ताईंच्या स्क्रिप्टला किती वेळ लागायचा, आठवतंय ना? चहा पिऊन कप विसळून व्हायचा."

सगळी खोली हसली. सातही चिलिंग सेंटरची माणसं त्या दिवशी मुख्य प्लांटच्या कॉम्प्युटरच्या खोलीत कोंबली होती. ताई म्हणजे मी, शालन शेडगे, बोरजाईवाडी सेंटर. मोनाली शेडगे, मुख्य प्लांट. आडनाव एक, घर एक, चूल एक. ती माझी धाकटी जाऊ.

"गेलं ते दिसलं," मी म्हणाले. "पोचलं का?"

"हे काय, समोर पडलंय की!"

"आज पडलं. घेणारा जागा होता म्हणून पडलं. उद्या नसला तर? तुझी स्क्रिप्ट तरी 'गेलं'च म्हणणार."

"घेणारा जागा का नसेल, शालनबाई?" साहेब म्हणाले. "मोनाली आहे की इथं."

परत हशा. मागून कोणीतरी म्हणालं, "जावाजावांचं चुलीवरचं भांडण हाय साहेब, नेटवर आणलंय." आणि पाटखळच्या सेंटरचा बाळू पवार, जरा हळू, पण मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं: "जळते."

मी मागं वळले. "हो, जळते. जळणारं माणूस खोटंच बोलतं असं कुठं लिहून ठेवलंय?"

पण पटलं नाही कोणाला. माणूस जळतोय हे एकदा कळलं की त्यानं आग लागली म्हणून ओरडलं तरी लोक त्याच्याच तोंडाकडं बघतात.

भानगड साधी होती. सेंटरवर सकाळचं दूध गोळा झालं की कोणाचं किती लिटर आलं, फॅट किती लागली, हे आकडे मुख्य प्लांटच्या मशीनला नेटवरून पाठवायचे. ते मशीन आकडे घेऊन टँकरची यादी छापायचं. यादीत नाव असलेल्या सेंटरला टँकर, नसलेल्याला नाही. पुण्याच्या एका माणसानं ही मशिनं बसवून दिली, चार महिने आला आणि मग फोन उचलायचा बंद झाला. तेव्हा मी बोरजाईवाडीला फॅट काढायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघून सगळे पळायचे. मी नाही पळाले. मशीनच्या पोटातच मदतीची पानं असतात, ती इंग्रजीत असतात, आणि एकेका शब्दाशी कुस्ती करत ती वाचता येतात, हे मला कोणी शिकवलं नाही. शेल स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला एकामागून एक हुकूम देणाऱ्या ओळी, मी तशी शिकले. साखळीत एकेक कडी अडकवत.

माझी स्क्रिप्ट शहाण्या माणसासारखी वागायची. आधी समोरच्या मशीनचं दार वाजवायची. आतून 'हां' आलं की आकडे वाचून दाखवायची. मग थांबायची. 'मिळालं' असं उत्तर आल्याशिवाय जागची हलायची नाही. आमच्याकडचं नेट म्हणजे म्हातारी बैलजोडी, त्यामुळं वेळ लागायचा. मोनालीनं काय केलं, दार वाजवणंच काढून टाकलं. यूडीपी नावाचा एक प्रकार असतो. त्यात पेपरवाला कंपाउंडवरून पेपर फेकतो तसे आकडे फेकायचे आणि सायकल पुढं काढायची. आत माणूस जिवंत आहे का मेलाय, पेपरवाल्याला काय त्याचं? वर आणखी एक गंमत केली होती तिनं. सेंटरवरून आकडा सुटला की तिच्या मोबाईलवर 'गेलं' असा मेसेज पडायचा. साहेबांना तेच फार आवडलं.

"तर मंडळी," साहेब म्हणाले, "उद्यापासून सातही सेंटरला मोनालीची स्क्रिप्ट. आणि दुसरी गोष्ट. कॉम्प्युटरसाठी कायम जागा मंजूर झाली. एकच. शालनबाई आणि मोनाली, दोघीही रोजंदारीवर आहेत. दसऱ्याला एकीचं नाव जाहीर करणार."

एकीचं म्हणताना ते मोनालीकडं बघत होते. आणि ती अशी खाली बघत होती की जणू तिला ठाऊकच नाही.

मला ती जागा पाहिजे होती. गोड बोलून सांगत नाही, पाहिजेच होती. कायम झालं की माणसाला नावानं हाक मारतात. रोजंदारीवर असलं की 'ती फॅटवाली'.

*

मोनाली लग्न होऊन आली तेव्हा तिला माऊस कुठल्या हातात धरायचा हे माहीत नव्हतं. मीच शिकवलं. संघानं मोडीत काढलेलं एक मशीन मी घरी आणलं होतं, ते स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेलं. भाकरी थापता थापता मी सांगायची आणि ती टाईप करायची. दोन मशिनांना एकमेकांशी बोलायला लावणारं नेटकॅट काय असतं, पोर्ट म्हणजे घराच्या भिंतीतलं एकेक दार कसं, एका स्क्रिप्टनं ऐकत बसायचं आणि दुसरीनं बोलायचं. पोरगी एकदा सांगितलं की पकडायची. तेव्हा मला आनंद व्हायचा. पुढं पुढं सांगायच्या आधीच पकडायला लागली, तेव्हा आनंद व्हायचा थांबला.

मुख्य प्लांटला जागा निघाली तेव्हा साहेबांनी तिला घेतलं. का, तर प्लांट गावातच, घरापासून जवळ, आणि "पाहुण्यांसमोर बोलायला बरी आहे." मी राहिले बोरजाईवाडीत, म्हशींच्या वासात. घरी आत्ती, म्हणजे आमच्या सासूबाई, शेजारणींना सांगायच्या, "आमच्या धाकटीनं कायबाय बटणं दाबली की सगळ्या तालुक्याचं दूध हालतंय." मोठी काय करते हे कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या टाळीच्या दिवसापासून मी मोनालीशी बोलणं टाकलं. ताटं वाढायची, पण बोलायचं नाही. "मीठ दे" हेसुद्धा आत्तींच्या मार्फत.

नवी स्क्रिप्ट मी बसवली, साहेबांचा हुकूम होता. पण तिच्याखाली माझी एक ओळ जोडली. मुख्य मशीनवर माझा जुना ऐकणारा प्रोग्रॅम अजून चालू होता. बंद करायला विसरले असतील, असं मला वाटलं. रोज सकाळी आकडे फेकून झाले की माझी ओळ गुपचूप त्या जुन्या दारावर जायची आणि विचारायची, बोरजाईवाडीचं आलं का? आतून यायचं, आलं.

दुधाची काळजी म्हणून मी हे केलं नव्हतं. एक ना एक दिवस 'आलं' येणार नाही, त्या दिवसाची मी वाट बघत होते. प्रेमापोटी कोणी कोणावर इतकी नजर ठेवत नाही.

*

खंडेनवमीचा दिवस उजाडला. आमच्याकडं त्या दिवशी विळ्यापासून नांगरापर्यंत सगळं धुऊन पुसून पुजतात. मी सेंटरवर फॅटचं मशीन पुसलं, कूलरच्या टाकीला झेंडूचा हार बांधला, कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं. मशीन चालूच ठेवलं. दूध काय पूजा उरकायची वाट बघत थांबत नाही.

दूध त्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त आलं. टाकी गळ्यापर्यंत भरली. गंगूमावशी रिकामी कळशी उलटी करून निथळत होती. तिनं विचारलं, "सांच्याला घेणार न्हवं गं दूध? का सणाची सुट्टी?"

"घेणार की. दुपारी टँकर येऊन टाकी रिकामी करून जाईल."

मी स्क्रिप्ट चालवली. 'गेलं.' मग माझी ओळ विचारायला गेली. कर्सर लुकलुकत राहिला. लुकलुकतच राहिला. आणि मग पडद्यावर आलं: उत्तर नाही.

मी परत चालवलं. उत्तर नाही.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. असा झाला की हातातला झेंडू मी कुस्करला.

प्लांटला फोन लावला. कॉम्प्युटरच्या खोलीत घंटी वाजून वाजून बंद पडली. साहेब सहकुटुंब कुलदेवीला गेलेले, फोन लागेना. शेवटी टँकरच्या यार्डात लावला. बबननं उचलला, टँकरच्या पाळ्या लावणारा.

"बबनराव, टँकर निघाले का?"

"कुठं जायाचं वैनी? यादीच न्हाय आली. टँकर धुतल्यात, हार घातल्यात, नारळ फोडून डायवर पेढं खात बसल्यात."

"कॉम्प्युटरची खोली?"

"कुलूप हाय. धाकट्या वैनींनी सकाळी मशीन बंद करून पूजा केली आन् गेल्या. औताला पुजल्यावर जुंपत्यात व्हय लगीच?"

"अहो, पण यादी नाही म्हणून तुम्ही गप बसलात?"

"आम्हांस्नी वाटलं लोकांनी दूध घरीच ठेवलंय. सण हाय, बासुंदी करत असत्याल."

"सातही गावांनी बासुंदी केली?"

"सण हाय की वैनी," बबन म्हणाला.

मी फोन ठेवला आणि स्टुलावर बसले. सगळं चित्र डोळ्यांसमोर लख्ख झालं. प्लांटचं मशीन हार घालून झोपलंय. सातही सेंटर त्याच्यावर आकडे फेकतायत. सातही पडद्यांवर 'गेलं'. बाईंच्या मोबाईलवर सात वेळा 'गेलं'. दुपारी टँकर येणार नाही. संध्याकाळी लोक कळश्या घेऊन येतील आणि टाक्या भरलेल्या असतील. सात गावचं दूध परत जाईल. लोक शिव्या देतील. साहेब विचारतील, कोणामुळं? आणि भर खोलीत कोण काय म्हणालं होतं, हे साऱ्यांना आठवेल.

मला काहीच करायचं नव्हतं. फक्त बसून राहायचं होतं. दसरा उद्या होता.

गंगूमावशी दारातून म्हणाली, "काय गं, तोंड का असं केलंस? कायम झाल्यावाणी हसतीयास का रडतीयास?"

"मावशी, मी येते जाऊन."

"आता कुठं?"

"घरी. जावेला शिव्या द्यायच्यात."

*

मोनालीचा फोन वाजत होता, पण उचलत कोणी नव्हतं. घरी गेले तेव्हा कळलं का ते. सोप्यात पाटावर विळी, कोयता, कात्री, आत्तींचा अडकित्ता, मिक्सर आणि मोनालीचा मोबाईल असं सगळं ओळीनं मांडलेलं. मोबाईलवर हळदीकुंकू आणि झेंडूची पाकळी.

"उचल तो फोन," मी म्हणाले.

कितीतरी दिवसांनी मी तिच्याशी बोलत होते. ती दचकली. निरांजन हातात धरूनच वळली.

आत्ती म्हणाल्या, "शालन, आज सणाचं तरी..."

"आत्ती, तुम्ही गप बसा. मोनाली, मशीन बंद केलंस?"

"पूजेपुरतं केलं होतं. शिपायाला सांगितलं होतं, पूजा झाली की चालू कर."

"त्यानं नाही केलं. पुजलेल्या औताला लगेच जुंपत नाहीत, असं बबन म्हणाला. खोलीला कुलूप लावून तो गेला."

"पण सगळीकडनं आलंय..." तिनं मोबाईलवरची पाकळी बाजूला केली. "हे बघा. बोरजाईवाडी गेलं. पाटखळ गेलं. सातही..." आणि मग ती बोलायची थांबली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. या क्षणासाठी मी किती दिवस काढले होते! तिला कळलं. सांगायच्या आधी पकडायची सवय होतीच तिला.

"टँकर?" तिनं विचारलं.

"पेढे खातायत."

तिनं निरांजन आत्तींच्या हातात दिलं आणि तिच्याजवळच्या खोलीच्या किल्ल्या घेतल्या. आत्ती म्हणाल्या, "अगं आरती!" तोवर आम्ही स्कूटीवर होतो. ती मागं बसली होती, जरीच्या साडीत, पदर तोंडात धरून.

बाजारपेठ ओलांडल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं."

"जुन्या दारावर विचारून कळलं. रोज सकाळी विचारता. मला दिसतं."

माझा हात ब्रेकवर गेला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बंद का नाही केलंस?"

"बंद केलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, घाबरली."

"म्हणालेच असते."

"म्हणून नाही केलं."

मी गाडी जोरात काढली. माझी चोरी पकडूनही ती गप राहिली होती, रोज मला 'आलं' असं उत्तर मिळू देत होती. म्हणजे मोठेपणासुद्धा तिनंच घेतला. मला तेही सहन झालं नाही.

"तुम्ही गप बसला असता तर जागा तुमची होती," ती मागून म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

"तुला शिकवलंय मी. तुला पाडायचं तर मी पाडीन, समोर उभी राहून. बंद मशीनकडून तुला हरवून घ्यायला मी काय भिकारी आहे? झोपलेल्या पैलवानाच्या छातीवर बसून कोणी गदा घेतं का?"

एकदा वाटलं की ती हसली. आरशात बघितलं तर तोंडावर पदर होता.

*

मशीन नवरीसारखं सजलेलं. पडद्यावर स्वस्तिक, वर हार, बटणावर कुंकवाचा ठिपका. मोनालीनं हार काढला, कपाळाला लावला आणि बटण दाबलं. मशीन जागं झालं, पण आकडे गेले ते गेलेच. फेकलेले आकडे कोण झेलून ठेवतं? बोरजाईवाडीची वही माझ्या पिशवीत होती, बाकी सहा सेंटरकडून परत मागवायला लागणार होते.

दोघींनी दोन फोन धरले.

"पवार, आकडे परत पाठव."

"पाठवल्यात की सकाळीच. गेलं म्हणून आलंय इथं."

"आलं नाही इथं."

"आता गेलं म्हणतंय तर मी काय करू, वैनी? मशीन खोटं बोलंल व्हय? तुमी जळताय म्हणून..."

"बाळू पवार," मी म्हणाले, "तुझ्या टाकीवर संध्याकाळी पाटखळच्या बायका कळश्या घेऊन येतील ना, त्या कळश्या तुझ्या डोक्यात रिकाम्या करायला मी स्वतः येईन. पाठव."

शेजारी मोनाली गोड आवाजात दुसऱ्या सेंटरला सांगत होती, "दादा, माझी चूक झाली, प्लीज परत टाका ना." तिचे चार सेंटर झाले तोवर बोरजाईवाडी धरून माझे तीनच झाले होते. तेही मी मोजलं.

यादी छापून आली. मोनाली ती घेऊन साडी सावरत यार्डात पळाली. हारवाले टँकर एकामागून एक फाटकातून बाहेर पडले. संध्याकाळी सातही ठिकाणी दूध घेतलं. कोणाची एक कळशी परत गेली नाही. त्यामुळं काही घडलंच नाही, असं झालं.

*

दसऱ्याच्या सकाळी सगळे परत त्याच खोलीत. साहेबांच्या हातात आपट्याची पानं.

"तर कायम जागेसाठी..."

"साहेब," मोनाली मध्येच म्हणाली, "काल ताईंनी..."

"तू गप," मी म्हणाले. "माझं तोंड शाबूत आहे. साहेब, काल मशीन बंद होतं. सातही आकडे वाया गेले आणि सातही जागी 'गेलं' आलं."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण टँकर गेले ना? दूध आलं ना? मग सणाच्या दिवशी कशाला उकरून..."

"मी जळते म्हणून."

"मी तसं नाही म्हटलं."

"मीच म्हणते. जळते. आता हे बघा."

मी मुख्य मशीनच्या मागं हात घातला आणि नेटची वायर उपटली. कोणीतरी "अहो" म्हणालं. मी शेजारच्या कॉम्प्युटरवर बसले आणि मोनालीची स्क्रिप्ट चालवली.

गेलं.

"कुठं गेलं?" मी वायरचं टोक हातात धरून विचारलं.

मग माझी चालवली. कर्सर लुकलुकायला लागला.

"अडकली वाटतं," साहेब म्हणाले.

"अडकली नाही. उत्तर मागतीय."

आणि पडद्यावर आलं: उत्तर नाही. आकडे पोचले नाहीत.

बाळू पवार खाली बघत होता. मी वायर परत खोचली. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना पटलं होतं, आणि पटल्याचा राग आला होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आजपासून सातही सेंटरला शालनबाईंची पद्धत. उत्तर आल्याशिवाय 'गेलं' म्हणायचं नाही. कळलं सगळ्यांना?" मग ते पानांशी चाळा करत राहिले. "जागेचं म्हणाल तर... मोनाली."

मी काही बोलायच्या आतच त्यांनी हात वर केला. "शालनबाई, तुमचं काम पक्कं आहे. पण भर सभेत मशीनची वायर उपटणाऱ्या बाईबरोबर या खोलीत बसायचं कोणी?"

माझी स्क्रिप्ट कायम झाली. मी नाही.

*

त्या दिवसापासून मी परत तिच्याशी बोलणं टाकलं. त्या आठवड्यात एका दुपारी मोनाली स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या डब्याशेजारी बसली. "ताई, सातही सेंटरची नवीन स्क्रिप्ट मला लिहायचीय. शिकवा."

"कायम झालीस ना? शिक की."

"शिकवा ना."

मी भाकरी थापत होते. शिकवलं. दार कसं वाजवायचं, उत्तराची किती वेळ वाट बघायची, उत्तर नाही आलं तर परत कसं पाठवायचं, सगळं. फक्त एक गोष्ट ठेवून घेतली. समोरच्यानं नुसतं 'मिळालं' म्हणून भागत नाही. अर्धेच आकडे मिळाले तरी तो 'मिळालं'च म्हणतो. त्यानं मिळालेल्या लिटरची बेरीज करून परत वाचून दाखवायची, आणि ती आपल्या बेरजेशी जुळली तरच खरं. ही ओळ मी स्वतः किती नासाडी करून शोधली होती. ती का म्हणून द्यायची? जागा दिली तेवढी पुरे.

ती मान डोलवत राहिली. काही विचारलं नाही.

पुढं महिनाभरानं मी प्लांटला गेले होते. ती खोलीत नव्हती. पडद्यावर स्क्रिप्ट उघडी होती. मी वाचायला लागले. वाचता वाचता खाली आले आणि थांबले. बेरीज परत वाचून दाखवायची ओळ तिथं होती.

ती मागं येऊन उभी राहिली.

"हे कधी लिहिलंस?"

"ते?" तिनं पडद्याकडं बघितलं. "दसऱ्याच्या आधीच. जमतंय का बघत होते."

"म्हणजे मी शिकवायच्या आधी."

"हो."

"मग मला विचारायला कशाला आलीस?"

"तुम्ही बोलत नव्हता माझ्याशी," ती म्हणाली.

मी ती ओळ परत वाचली. मला जे करायला तीन ओळी लागायच्या, ते तिनं एकीत केलं होतं. आणि बेरीज नाही जुळली तर कुठल्या म्हशीवाल्याचा आकडा गळाला, तेही ती सांगत होती. मला हे सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधीच सुचलं नव्हतं. परत जळले मी.

"सरक," मी म्हणाले.

तिची खुर्ची ओढून घेतली आणि तिच्या ओळीत चूक शोधायला बसले.